यंत्राआधी शिकण्याचे शास्त्र

गुजरात सरकारने २००० साली वडोदरा महापालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. जून २००२ मध्ये 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांना त्यांतील फारच थोडे वापरायला मिळत असल्याचे आढळले. बहुतेक संगणक खोक्यांतच पडून होते. ते चालवू शकेल असे शाळेत कोणी नव्हते. मुंबईत जन्मलेल्या या संस्थेने मग वस्त्यांमधल्याच तरुणांना पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तासांचा उपक्रम आखला. एका संगणकावर दोन मुले, पडद्यावर गणिताचे खेळ आणि मुलाच्या आकलनाला थोडे आव्हान देणारा खेळ निवडून देणारी, अडल्यास समजावणारी एक व्यक्ती शेजारी, एवढीच त्याची मांडणी होती.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे मोजमाप करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातील वाढ इतकी होती की, शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागी असणारे मूल अंदाजे अडुसष्टाव्या जागी पोहोचावे. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात यातला बराचसा लाभ ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे.

त्यानंतर अहमदाबादच्या 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांमध्ये संगणकाचा दुसरा प्रयोग झाला. वडोदऱ्याच्या अभ्यासातील एक संशोधक ली लिंडन यांनी तो मोजला. शाळा सुटल्यावर, शिक्षिकेच्या शिकवण्याला जोड म्हणून संगणक वापरला तेव्हा मुलांचे गणित सुधारले. शाळेच्या वेळात शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणक वापरला, तेव्हा मात्र मुले मागे पडली. पन्नासाव्या जागेवरचे मूल अठ्ठाविसाव्या जागेच्या आसपास घसरावे, इतकी ही पीछेहाट मोठी होती. ज्ञानशाळेतील तास आधीपासूनच नेटका आखलेला असे. तो काढून घेतल्याचे नुकसान यंत्राला भरून काढता आले नाही.

शाळेसाठी संगणक, डिजिटल फळा किंवा टॅब्लेट विकत घेताना मेमरी किती, पडदा केवढा, हमी किती वर्षांची, अशी चौकशी होते. मूल शिकते कसे, याबद्दल या यंत्राची समजूत काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. अशी काही समजूत प्रत्येक यंत्रात आणि प्रत्येक ॲपमध्ये घातलेलीच असते. ती शिक्षणमानसशास्त्रातील कोणत्या ना कोणत्या अध्ययन उपपत्तीतून येते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडले होते की, माध्यम हे किराणा वाहणाऱ्या ट्रकसारखे असते. आहार सुधारतो तो आतल्या मालाने, गाडीने नव्हे. त्यांच्या या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले. तरीही खरेदीच्या निविदा काढणाऱ्यांनी ते एकदा वाचून ठेवावे, असे आहे.

चौथीच्या वर्गातील पालक

नोव्हेंबर १९५३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर पालक म्हणून आपल्या धाकट्या मुलीच्या शाळेत गेले. गणिताचा तास चालू होता. मागे बसून पाहणाऱ्या स्किनरना दोन गोष्टी खटकल्या. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलाला तिथल्या तिथे कळत नव्हते. आणि ज्यांचे झाले ती व ज्यांना जमत नाही ती, सगळी मुले एकाच गतीने पुढे ढकलली जात होती. प्रयोगशाळेत कबुतरांना शिकवतानाही स्किनर योग्य हालचालीला तत्काळ बक्षीस देत असत. काही दिवसांतच त्यांनी अध्यापन यंत्राचा पहिला नमुना तयार केला.

यंत्राची कल्पना अगदीच नवी नव्हती. ओहायो राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात चार कळांचे प्रश्नयंत्र बनवले होते. बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. स्किनर यांचा आग्रह मात्र वेगळा होता. पर्यायांतून निवडण्याऐवजी मुलाने उत्तर स्वतः रचावे, धडा इतक्या बारीक पायऱ्यांत फोडावा की चूक क्वचितच व्हावी, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच दाद मिळावी. वर्तनवादाचे हे सूत्र. बाहेरून दिसणाऱ्या वर्तनात झालेला टिकाऊ बदल म्हणजे शिकणे, आणि तो घडवण्याचे साधन म्हणजे प्रबलन, अशी ही भूमिका होय. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील 'प्लेटो' या संगणक प्रणालीवर पडद्यावरचे धडे सुरू झाले आणि स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक सपीस यांनी संगणकावर अंकगणिताचा सराव घेण्यास आरंभ केला. तत्काळ पडताळ्याची ही पद्धत तेव्हाच संगणकात शिरली.

आज मोबाइलवरच्या शैक्षणिक ॲपमध्ये बरोबर उत्तराला नाणी खुळखुळतात, तारे चमकतात, सलग सात दिवस सराव केला म्हणून पदक मिळते. ही सारी प्रबलनाचीच रूपे आहेत. स्किनर यांचे नाव न घेता त्यांची उपपत्ती घरोघरी पोहोचली आहे. पाढे, स्पेलिंग, परकीय भाषेतील शब्द, टंकलेखन अशा गोष्टींसाठी ती चांगली चालते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

तिची मर्यादा कुठे उघडी पडते, याचे एक उदाहरण शिक्षणसंशोधनात प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये स्टॅन्ली अर्लवांगर यांनी अमेरिकेतील सहावीच्या एका विद्यार्थ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखात त्याचे नाव 'बेनी' असे घेतले आहे. तो गणित शिकत होता ते प्रत्येकाने आपापल्या गतीने चाचण्या देत पुढे जाण्याच्या कार्यक्रमातून. कार्यक्रम कागदावरचा होता, पण घडण वर्तनवादी. बेनी पायऱ्या झपाट्याने चढत होता आणि शिक्षिकेच्या लेखी हुशार होता. अर्लवांगर यांनी समोर बसवून विचारले, तेव्हा २/१० म्हणजे दशांशात किती, याला बेनीने १.२ असे उत्तर दिले. ५/१० म्हणजे १.५. आणि ४/११ म्हणजेही १.५. वरचा आणि खालचा अंक मिळवायचा व मध्ये टिंब द्यायचे, असा नियम त्याने मनाशी बसवला होता. ४/११ आणि ११/४ यांचे उत्तर एकच येते, याचेही त्याला वावडे नव्हते. गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेले नियम आणि उत्तरपत्रिकेशी जुळेल ते उत्तर, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. एक उत्तर नाही जुळले, तर दुसऱ्या रूपात लिहून पाहायचे. चाचणीला इतकेच कळत होते की, पुरेशी उत्तरे जुळली.

पर्यायांपैकी एक निवडायला लावणाऱ्या आणि लगेच हिरवी खूण दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपमागे आज एखादा बेनी असू शकतो. पालकांच्या मोबाइलवर येणाऱ्या प्रगतीच्या आलेखात तो दिसत नाही.

पडद्यावरची गर्दी

डोक्याच्या आत काय चालते, हा प्रश्न वर्तनवादाने बाजूला ठेवला होता. बोधात्मक मानसशास्त्राने तोच हाती घेतला. नवी माहिती हाताळणारी कार्यकारी स्मृती फारच अरुंद असते. एका वेळी मोजक्याच गोष्टी तिच्यात मावतात. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये यावरून बोधात्मक भाराची उपपत्ती मांडली. रिचर्ड मेयर यांनी तीच दिशा धरून चित्र, आवाज आणि मजकूर यांच्या जुळणीवर अनेक प्रयोग केले. हलते चित्र आणि सोबत निवेदन एवढे असले, की मुले नीट समजून घेतात. तेच निवेदन पडद्यावर अक्षरांतही उमटू लागले, तर बहुधा समज घटते. डोळ्यांना एकाच वेळी चित्रही पाहायचे असते आणि ओळही वाचायची असते. पार्श्वसंगीत, विषयाशी संबंध नसलेले विनोदी पात्र यांनीही तेच घडते. आकर्षक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ई-लर्निंग फितींत नेमका हाच सारा सरंजाम असतो!

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचण्याऐवजी तो मनाने आठवून लिहिला. आठवड्यानंतर त्यांच्या अधिक लक्षात राहिले. पुन्हा वाचणाऱ्यांना आपले पाठ झाल्याची खात्री जास्त होती, स्मरण मात्र कमी. फीत तीनदा पाहिली म्हणजे धडा झाला, असे मानणाऱ्या घरांसाठी ही बाब महत्त्वाची आहे. उलट, याच प्रयोगांमुळे साध्या, चित्रहीन प्रश्नसंचालाही शास्त्राचे बळ मिळते. 'मी डोळ्यांनी शिकतो, तो कानांनी शिकतो' ही शिक्षकप्रशिक्षणात रुळलेली अध्ययनशैलींची कल्पना मात्र टिकली नाही. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा आढळला नाही.

कासवाची चाल

स्वित्झर्लंडमधील झाँ पियाजे यांनी मूल ही कोरी पाटी मानली नाही. जगाशी झटापट करत मूल आपले ज्ञान स्वतः रचते, ही त्यांची मांडणी. मराठीत तिला ज्ञानरचनावाद हे नाव रूढ आहे. पियाजे यांच्यासोबत जिनिव्हात काम केलेले गणिती सेमूर पेपर्ट अमेरिकेत गेले आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पडद्यावर एक कासव असते. 'पुढे १००, उजवीकडे ९०' ही आज्ञा चारदा दिली की त्याच्या चालीतून चौरस उमटतो. चौरस चुकला तर मूल स्वतः उठून जमिनीवर कासवासारखे चालून पाहते आणि कुठे वळायचे राहिले, ते शोधते. यंत्राने मुलाला चालवू नये, मुलाने यंत्राला चालवावे, हा पेपर्ट यांचा मुद्दा होता. स्किनर यांच्या यंत्रात चूक टाळायची असते; लोगोत चूक हाच अभ्यास.

या विचाराचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप'. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेतही २००७ मध्ये हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले होते. पेरू देशाने ते लाखोंच्या संख्येने घेतले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. शाळांमध्ये लॅपटॉप खरोखरच पोहोचले होते, मुले ते वापरतही होती, सर्वसाधारण बौद्धिक चाचण्यांत थोडी वाढ दिसली. पण गणित आणि भाषेत काहीही फरक पडला नव्हता. पेपर्ट यांच्या वर्गात लोगोसोबत प्रश्न विचारणारा, वेळ देणारा शिक्षक असे. पेरूत पेटी गेली, तो गेला नाही.

परांची

लेव व्हिगॉट्स्की हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ १९३४ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेले. मूल एकट्याने काय करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने काय करू शकते, यांमधल्या पट्ट्यात खरे शिकणे घडते, असे त्यांनी सांगितले. १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या लहान मुलांना मोठी माणसे कशी मदत करतात, याचे निरीक्षण करून या मदतीला बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंत उभी राहीपर्यंत हवी, आणि भिंत उभी राहिली की ती उतरवलीही पाहिजे.

डॉ. सुगत मित्रा यांचा १९९९ मधील दिल्लीच्या कालकाजीतील 'भिंतीतला संगणक' ही परांची नकोच, असे सुचवणारा होता. झोपडवस्तीतील मुले कोणी न शिकवता माउस हलवायला आणि इंटरनेट चाळायला शिकली. जगभर कौतुक झाले. २०१३ मध्ये मित्रांना दहा लाख डॉलरचे 'टेड' पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या 'मेघशाळां'पैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटणला सुरू झाली. टीकाही झाली. मार्क वॉरशॉअर यांना दिल्लीतील मुले बहुतांश वेळ खेळ आणि चित्रे रंगवण्यात घालवताना दिसली. पायल अरोरा उत्तराखंडात अल्मोडा परिसरात गेल्या, तेव्हा तेथील संगणक बंद पडून प्रकल्प संपलेला होता. पुढे मित्रांनीच परदेशातील निवृत्त शिक्षकांना इंटरनेटवरून मुलांशी गप्पा मारायला बसवले. 'आजींचा मेघ' म्हणून ही मंडळी ओळखली जातात. मोठ्या माणसाची जागा रिकामी ठेवून चालत नाही, याची ही एका परीने कबुलीच म्हणायची.

भिंतीवरचा ज्ञानरचनावाद

महाराष्ट्राला यातले काहीच परके नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला. जून २०१५ मध्ये राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या शाळा आदर्श म्हणून गाजल्या. जमिनीवर आखलेली कोष्टके, काड्यांचे गठ्ठे, खडे, मणी आणि गटागटाने बसलेली मुले. पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून येत. त्याच काळात लोकवर्गणीतून 'डिजिटल शाळा' करण्याची लाटही आली. काही ठिकाणी तर एकाच वर्गात जमिनीवर ज्ञानरचनावाद आणि भिंतीवर त्याच्या उलटे असा प्रकार झाला. पडद्यावर धडा वाचला जाई, मुले तो ऐकून साथीने म्हणत. हे प्रक्षेपण नवे नव्हते. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून, २०१७ मध्ये बंद होईपर्यंत, दूरचित्रवाणीवरून पाठ देत होती. बालचित्रवाणीला मुलाचे उत्तर ऐकण्याची सोयच नव्हती. संगणकाला ती असते, आणि ती वापरायची की नाही हा शिक्षणशास्त्राचा निर्णय आहे.

पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचेही तसेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या ज्या कामाला २०२० चे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, त्यात या कोडचा मोठा वाटा होता. कोड हे दार आहे. आत कविता पुन्हा वाचून दाखवणारी फीत आहे की मुलाला काही करायला लावणारी कृती आहे, यावर सारे अवलंबून.

करोनाच्या टाळेबंदीत तर हे दारही अनेकांना उघडता आले नाही. २०२१ च्या 'असर' पाहणीनुसार देशातील पटावरच्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन असलेल्या घरांतील सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासासाठी हाताळायला मिळत नव्हता. तिसरीत शिकणाऱ्या, पण दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले.

उत्तर देणारे आणि न देणारे

कृत्रिम बुद्धिमत्तेने हाच जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये समोर आला. गणिताच्या सरावाला एका गटाला नेहमीसारखा चॅटजीपीटी दिला. दुसऱ्याला शिक्षकांनी घडवलेली आवृत्ती दिली. ती उत्तर सांगत नसे, फक्त सूचक इशारे देत असे. तिसऱ्या गटाकडे पुस्तक आणि वही. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के, तर दुसऱ्याची १२७ टक्के सरस ठरली. मग मदत काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तकवाल्यांच्याही १७ टक्के मागे पडला. आपले शिकणे कमी झाले, हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. इशारे मिळालेल्या गटाचे असे नुकसान झाले नाही. दोन्ही गटांच्या संगणकात बुद्धी एकच होती. फरक होता तो परांची बांधणाऱ्याच्या हातात.

दिल्लीत २०१५ मध्ये 'माइंडस्पार्क' या भारतीय प्रणालीवर झालेला प्रयोग कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गनिमियन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी शाळांतील सहावी ते नववीची मुले शाळेनंतर केंद्रावर येत. पाऊण तास संगणकावर, पाऊण तास शिक्षकासोबत छोट्या गटात. प्रणाली आधी मुलाची पातळी शोधे आणि चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहून पुढचा प्रश्न देई. पहिल्या तपासणीत सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात अडीच इयत्ता मागे असल्याचे दिसले. नववीत ही तफावत साडेचार इयत्तांवर गेलेली होती. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती झाली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना तिचे मोल अधिक होते, कारण नेहमीच्या वर्गात त्यांची प्रगती जवळपास शून्यच होती.

शाळेच्या वार्षिक परीक्षेत मात्र गणितातील ही प्रगती फारशी उमटली नाही. नववीचे मूल केंद्रावर पाचवीचे गणित समजून घेत होते, आणि प्रश्नपत्रिका नववीची होती.